दोन बोटं हवा

आमच्या लेकीचं, स्वरालीचं लग्न आठवड्यावर आलं आणि रुखवताच्या कुरडया काही केल्या वाळेनात. आमच्या अंथुर्णे गावावर ढग येऊन बसले होते. (आमच्याकडचे ढग एकदा बसले की उठत नाहीत, आणि देतही काही नाहीत.) कुरडयांना वास लागला तर व्याह्यांसमोर मान खाली जाईल, या धास्तीनं आमची बायको कौसल्या रडकुंडीला आली. ते बघवेना म्हणून मी बोलून गेलो, "ब्लोअर लावू." तिथंच फसलो. गप्प बसलो असतो तर नुसता बिनकामाचा ठरलो असतो, आणि त्याची मला सवय आहे.

मी साखर कारखान्यात क्लार्क. बॉयलरला हवा मारणारा ब्लोअर माझ्या खिडकीतून दिसतो, एवढ्यावर मी स्वतःला त्यातला जाणकार समजतो. बारामतीच्या भंगारातून गोगलगायीसारखा गोल पोटाचा एक ब्लोअर आणून गच्चीवर मोटरला जोडला. दाब मोजायला गवंड्याची पाण्याची नळी चार-पाच बोटं पाणी चढेल एवढीच कापली, इंग्रजी यू सारखी वाकवून भिंतीला बांधली आणि पाणी दिसावं म्हणून त्यात कुंकू कालवलं. एक टोक ब्लोअरच्या तोंडात धरलं, तसं पाणी दोन बोटं चढलं.

"बास की आता," कौसल्या म्हणाली, "वाळत्याल हळूहळू."

"चार बोटं पायजे. मोटरला दुप्पट मोठी पुली लावतो. पंखा दुप्पट फिरंल, दाब दुप्पट व्हईल."

"स्वरालीला इचारा. ती शिकलीया ह्यातलं."

"लग्नाच्या पोरीला कशाला तरास?" (ती नको म्हणेल, ही खरी भीती.)

पुली बदलली, डोळे नळीला लावले आणि बटण दाबलं. पाणी चार बोटांवर थांबलंच नाही; नळीतून उडून थेट माझ्या तोंडावर आलं. डोळे पुसतोय तोवर कुरडया खालच्या साडीसकट उठल्या आणि कठड्यावरून शेजारच्या सारजाकाकूंच्या गोठ्यात गेल्या. काकूंनी वर पाहिलं, तर मी लालभडक.

"आगं कौसल्ये, मालकाचं डोस्कं फुटलं!"

"त्यांचं ऱ्हाऊ द्या, काकू! कुरडया फुटल्या का बघा!"

निम्म्या म्हशीनं खाल्ल्या. गलका ऐकून स्वराली वर आली आणि तिनं मोटर बंद केली.

"पप्पा, वेग दुप्पट केला की दाब चौपट व्हतो. दोनाची आठ बोटं झाली."

ती हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं. लेकीच्या कुरडया आपल्या हातानं उडवल्या याचं मला फार वाईट वाटलं.

तिनं जुनी पुली परत लावली. उरलेल्या कुरडया रुखवताला कशाबशा पुरणार होत्या. पण मघाच्या झटक्यानं सैल झालेला ब्लोअर आता थरथरत जागचा सरकू लागला. कौसल्यानं आजूबाजूला दगड शोधला, मिळाला नाही. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

"बसा."

दोन दिवस मी त्यावर बसून होतो. कुरडया कुरकुरीत वाळल्या. त्यातल्याच दुसऱ्या दिवशी व्याही आले आणि मला शोधत गच्चीवर पोचले. बसल्या जागेवरूनच मी थरथरत रामराम केला.

"हे हितं कशापायी बसल्यात?" त्यांनी विचारलं.

"असू द्या," कौसल्या चहा पुढं करत म्हणाली, "ह्यांचा अंदाज चुकतोय, वजन न्हाय चुकत."