आमेन कोणी म्हटलं?

एका जंगलात त्या दिवशी असं धुकं पडलं होतं, बाळांनो, की सशाला स्वतःचे कान दिसेनात. थंडीही बोचरी. तरी चिंचेखालच्या चर्चमध्ये सगळी मंडळी जमली होती, कारण कापणीचा सण होता.

तिथले पाळक होते शांतवन एडके. कळपातल्याच एडक्यानं कळप पाळावा याचं तुम्हाला नवल वाटेल. जंगलाला वाटत नसे. काठी ज्याच्या बगलेत तो पाळकसाहेब.

दर सणाला साहेब डोळे मिटून एक प्रार्थना करत. “प्रभू, सेवक थकला. माझ्या जागी कोणी तरुण उभा कर.” मग जरा थांबत.

आमेन म्हणजे ‘तसंच होवो’. ते इथे म्हणायचं नाही, हे कोकरांनाही ठाऊक. इथे मुसमुसायचं. मेंढ्या मुसमुसत, बगळा पंच म्हणे, “साहेब, असं बोलू नका.” आणि साहेब मोठ्या जड मनानं आणखी एक वर्ष राहत.

त्या दिवशी साहेब थांबले, आणि मागून आवाज आला, “आमेन.”

ते थोमाकाका कासव होते. साहेबांचे शेजारी.

साहेबांनी काठी बगलेत घट्ट दाबली. काठी गेली तर जेवणावळीत पहिलं ताट कोणापुढे येईल? साहेब तरी कोण म्हणेल? शांतवन म्हणतील. नुसतं शांतवन.

“काका, झोपेत होतात का?” बगळ्यानं विचारलं.

“नाही बा. इतकी वर्षं मागतायत. म्हटलं, एकदा देवाला ऐकू जाऊ दे.”

आता आमेन पडलं की पडलं. ते मागे घेता येत नाही. मग नवा पाळक शोधायला समिती नेमली. हे काम पाळकाइतकं कोणाला कळणार? म्हणून अध्यक्ष साहेबच झाले.

पलीकडच्या टेकडीवरून एस्तेर नावाची तरुण शेळी आली. तिनं उपदेश केला. त्या रविवारी कोणीही पेंगलं नाही. उपासना सुटल्यावर म्हातारी म्हैस तिला आपलं दुखणं सांगत बसली.

“बोलली बरी,” बगळा म्हणाला, “पण साहेबांसारखी मध्ये खोकली नाही.”

“अनुभव आहे का, बाई?” साहेबांनी विचारलं.

“पाळक झाले की येईल, साहेब.”

“मग आधी होऊन या.”

एस्तेर गेली. समितीनं ठरवलं, नवा पाळक हुबेहूब साहेबांसारखाच हवा. शोधता शोधता तसा एकच सापडला. सकाळी साहेबांना हार घालून निरोप दिला. दुपारी तोच हार घालून त्यांचं स्वागत केलं. आणि एक ठराव झाला की, सणाच्या प्रार्थनेला थोमाकाकांनी मान आत घ्यावी.

वर्षं गेली, बाळांनो. पुन्हा सण, पुन्हा तसंच धुकं. साहेबांचे गुडघे धरले होते. वचन अर्ध्यात विसरायचं. त्यांना दोघांनी मागून ढकलून व्यासपीठावर चढवलं.

“प्रभू,” साहेब म्हणाले, “सेवक थकला. खरंच थकला रे. माझ्या जागी कोणी तरी उभा कर.”

साहेब थांबले.

मेंढ्या मुसमुसल्या. बगळा म्हणाला, “साहेब, असं बोलू नका.”

साहेबांनी एक डोळा उघडून मागच्या रांगेत पाहिलं. नुसती पाठ दिसत होती. मान आत होती.

घरी जाताना साहेब म्हणाले, “थोमा, आज म्हणायचंस ना रे.”

“आलं होतं ओठावर. पण ठराव आहे, साहेब. खाली सही तुमचीच.”

तात्पर्य : आपल्यामागे कोण, याचा विचार नेहमी वेळेवर करावा. म्हणजे मागे कोणी उरणार नाही, याची सोय वेळेवर होते. आणि कोणी उरलंच, तर ते थोमाकाकांसारखं हात धरून म्हणतं, “चला साहेब, सावकाश. पुढच्या वर्षी पुन्हा थकायचंय.”