सुभेदार नाना आणि अनफिट मासे

आमच्या विश्रामबागेतल्या इमारतीत कुणी नवा मासा आणला, की मेडिकल झाल्याशिवाय तो टाकीत जात नाही. मेडिकल घेणार सुभेदार नाना. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. जिन्यात प्लॅस्टिकच्या पिशवीतलं पाणी हिंदकळलं, की दुसऱ्या मजल्यावरचं दार उघडतं आणि बॅटरी व भिंग घेऊन नाना आडवे उभे राहतात.

"थांबा! कुठनं उचललाय ह्यो?"

नाना मूळचे कोरेगावकडचे; इथे घरात एकटेच. सगळी नोकरी फौजेच्या दवाखान्यात नर्सिंग असिस्टंट म्हणून झाली. भरतीला आलेल्यांची छाती मोजायची, डोळे-दात बघायचे आणि 'अनफिट' म्हणून घरी पाठवायचं, ही सवय निवृत्तीनंतर माशांना भोवली.

माझ्या मुलीसाठी, मुग्धासाठी, मी दोन गोल्डफिश आणले तेव्हा त्यांनी मला पंधरा मिनिटं जिन्यात उभं केलं.

"मास्तर, कालेजात शिकिवताय न्हवं तुमी? मग बघा की! पंख अंगाला चिकाटल्यात. पंख्यावानी उघडं पायजेत. कल्लं कसं भराभरा हलत्यात. आन् ह्यो पांढरा ठिपका? रव्याच्या कणाएवढा? चार दिसांत अंगभर हुतंय. आन् तुमी त्याला टाकीत सोडाय निगालता!"

"दुकानदार म्हणाला, ठणठणीत आहेत."

झालं! त्याच पावली मला घेऊन नाना दुकानात. पिशवी दुकानदाराच्या हातात दिली आणि तिथल्या टाकीवर बॅटरी मारली.

"ह्यो मासा दगडाला अंग घासतोय, त्ये काय हाय?"

"खेळतोय की आजोबा."

"तुला खाज सुटल्यावर तू खेळतोस व्हय रं?"

सगळं दुकान हसायला लागलं. दुकानदार वैतागून म्हणाला, "दुसरे दोन न्या. हे देतो गटारात टाकून."

"गटारात? आण ती पिशवी हिकडं!" नाना असे ओरडले, की मीच दचकलो. जुने मासे त्यांनी आपल्याकडे ठेवून घेतले.

पण बदललेले मासेही लगेच टाकीत सोडायचे नव्हते. तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, असा हुकूम सुटला. आमची आंघोळीची बादली गेली. वर सकाळ-संध्याकाळ तपासणी. आम्ही जेवत असताना नाना दारातून विचारणार, "शी कशी हुतीया? पांढरी, दोऱ्यावानी आसंल तर लगीच सांगा." माझी बायको हातातला घास ताटात ठेवायची. माझंही डोकं फिरायचं. खालच्या कुलकर्णींनी तर यांना चुकवायला मासा जेवणाच्या डब्यातून आणला. तोही पकडला गेला आणि अनफिट ठरला.

मग तिसऱ्या आठवड्यात चार-पाच दिवस नाना फिरकलेच नाहीत. खरं सांगतो, आम्हाला बरं वाटलं. शांतपणे जेवलो. तीन आठवडे झाले तेव्हा बादली सोडवायची परवानगी घ्यायला मी त्यांच्या दारात गेलो.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. भर एप्रिलमध्ये नाना घोंगडी पांघरून उभे. मी पहिल्यांदाच आत पाऊल टाकलं. मला वाटत होतं, यांच्याकडे एकाहून एक देखणे मासे असतील. भिंतीला लागून सात-आठ टब होते. एकात शेपूट झडलेला मासा, एकात एका डोळ्याचा, एकात पोट फुगून कुशीवर पोहणारा. प्रत्येक टबावर चिकटपट्टी: 'कुलकर्णी, पहिला मजला', 'मास्तर, तिसरा मजला'. इमारतीत अनफिट ठरलेला प्रत्येक मासा तिथे होता. पाणी काचेसारखं स्वच्छ. ओट्यावर मात्र एकही उष्टं भांडं नव्हतं, आणि शेगडीवर धूळ.

"नाना, अंगात ताप आहे तुमच्या!"

"हाय थोडा. पाच दिस झालं."

"अहो, मग एक हाक नाही का मारायची?"

नाना भिंत धरत धरत कुशीवरच्या माशाच्या टबापर्यंत गेले. दोन दाणे टाकले. मासा वाकडातिकडा वर आला, तसे ते हसले.

"ह्यातल्या येकानं जरी खायाचं सोडलं, तरी मला त्याच दिशी कळतंय, मास्तर," ते म्हणाले.

बादलीचं मी काही काढलं नाही. वर येऊन बायकोला म्हटलं, "मऊ भात टाक. एका माणसाचा जास्त."