गॅस आधी कोणी बंद करायचा?

मी दुभाषी आहे, आणि साधासुधा नव्हे! इतक्या वर्षांत माझ्या तोंडून एक शब्द इकडचा तिकडे झालेला नाही. वक्ता शिंकला, तरी मी त्या शिंकेचं चोख भाषांतर करीन!

म्हणून तर पृथ्वीच्या वाढत्या तापमानावर भरलेल्या त्या मोठ्या परिषदेत सगळ्यात अवघड मंत्री माझ्या वाट्याला आले. त्यांची भाषा तिथल्या दुभाष्यांपैकी दोघांनाच यायची: मला आणि माझ्या सहकारी बाईंना. त्यांचं बोलणं आम्ही आमच्या मातृभाषेत सांगायचो; बाकीचे दुभाषी कानाला यंत्र लावून ते ऐकायचे आणि आपापल्या भाषेत पुढे सांगायचे. थोडक्यात, मी बोललो की जग बोललं!

परिषद एकाच प्रश्नावर अडून बसली होती. गॅस जाळणं आधी कोणी कमी करायचं? जो तो म्हणे, "आधी शेजारी, मग आम्ही." त्यात आमच्या मंत्र्यांचा देश गॅस जाळण्यात पहिला, आणि मंत्री शब्दांचा फेस काढण्यात पहिले. त्यांच्या वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाची वाट बघताना माणसाला दाढी यावी!

त्या दुपारी बाई चहा आणायला बाहेर गेल्या होत्या. सभागृहाच्या वर, दुभाष्यांच्या काचेच्या खोलीत मी एकटाच. खाली मंत्री म्हणाले, "गॅसबाबत आमची भूमिका अगदी स्पष्ट आहे. ती अशी, की..."

आणि थांबले. चष्मा सापडेना! ते खिसे चाचपू लागले.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. सासरे! घरी मुक्कामाला आलेल्या सासऱ्यांचा फोन न उचलायला वाघाचं काळीज लागतं. मी खोकल्याचं बटण दाबून धरलं. म्हणजे दुभाष्याला खोकायचं असेल तेव्हा माइक मुका करायचं बटण. फक्त घाईत मी दाबलं ते बाईंच्या माइकचं.

"जावईबापू, स्वयंपाकघरातून धूर येतोय," सासरे म्हणाले.

"मग गॅस बंद करा! आत्ताच्या आत्ता!"

"मी का? अंडी तुमच्या मेव्हण्याने ठेवलीत उकडायला."

मागून मेव्हणा ओरडला, "पण ज्योत बाबांनी मोठी केली!"

"कोणी पेटवला आणि कोणी वाढवला, ते नंतर बघू!" मी कडाडलो. "धूर सगळ्यांच्याच नाकातोंडात जाणार ना?"

"तो उठला की मी उठतो," सासरे म्हणाले.

"तू आधी, तू आधी, काय लावलंय? लहान मुलं आहात का? उठा!"

आणि अख्खं सभागृह उठलं!

मी काचेतून बघतो तर काय, लोक उभे राहून टाळ्या पिटताहेत! मंत्र्यांना नुकताच चष्मा सापडला होता. टाळ्या बघून त्यांनी सवयीने मान लववली. शेजारच्या देशाच्या मंत्रीणबाई, ज्यांनी आजवर त्यांना साधा नमस्कार केला नव्हता, त्या डोळे पुसत पुढे आल्या. "तुम्ही बंद करणार असाल, तर आम्हीही करू!" त्यांच्यामागून आणखी हात वर होऊ लागले.

मग माझं लक्ष माझ्या माइककडे गेलं. लाल दिवा! चालू! मी झटकन फोन कट केला.

दुभाष्यांचे प्रमुख, आमचे साहेब, धापा टाकत आले. "काय केलंस हे?"

"साहेब, अंडी..."

"अंडी?"

पण तोवर मंत्र्यांचंच बोलावणं आलं. त्यांच्या नावावर सभागृहाने काय ऐकलं, ते सचिवाने त्यांना सांगितलं होतं. नोकरी तर गेलीच, आता देशाच्या अपमानाबद्दल तुरुंगात किती वर्षं, एवढंच ऐकायचं राहिलं होतं. मी हात जोडून खरं ते सांगून टाकलं. सासरे, मेव्हणा, बटण, सगळं.

मंत्र्यांनी चष्मा काढला. मग हळूच म्हणाले, "लहान मुलं आहात का, असं मी सगळ्यांना विचारलं?"

"हो."

"आणि कोणी चिडलं नाही?"

"नाही. उभेच राहिले."

"मी जन्मभर राजकारण केलं," ते म्हणाले. "माझ्या भाषणात लोक उठतात, ते बाहेर जायला." त्यांनी चष्मा पुसला. "राहू दे तसंच. राजधानीतल्या आमच्या सरकारला मी बघून घेतो."

आणि बघितलंही! बंद दारामागून फोनवर राजधानीशी भांडणारा त्यांचा आवाज बाहेर येत होता. करारात 'बंद'चं 'कमी' झालं, 'आत्ताच्या आत्ता'चं 'लवकरात लवकर' झालं, पण पहिली सही त्यांनी केली! साहेबांनी माझी पाठ थोपटली, अर्थात दातओठ खात.

घरी मी तरंगतच पोहोचलो. दारे-खिडक्या सताड उघड्या, भांडं कोळशासारखं, एक अंडं छताला चिकटलेलं. सासरे आणि मेव्हणा मात्र सोफ्याच्या दोन टोकांना निवांत!

"शेवटी गॅस बंद केला कोणी?" मी विचारलं. जगाला शहाणं करून आलेला माणूस, आवाजात थोडा भारदस्तपणा येणारच.

"कोणीच नाही," सासरे म्हणाले. "सिलिंडर संपला."

"बघा!" मेव्हणा म्हणाला. "उगाच ओरडत होतात तुम्ही!"