मास्तरांना पाठ असलेली मापं

"लिहून घे," भावोजी म्हणाले. "गुन्हेगारांचा कर्दनकाळ, तर्काचा महामेरू, आणि मुख्य म्हणजे एकपाठी! एकपाठी म्हणजे काय, ठाऊक आहे? एकदा ऐकलं की जन्मभर पाठ."

मी लिहून घेतलं. कालही हेच लिहून घेतलं होतं, पण ते त्यांच्या लक्षात नव्हतं. मी त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणून त्यांच्या गुप्तहेरगिरीत त्यांचा सहायक. या नोकरीचा राजीनामा देता येत नाही.

तेवढ्यात गल्लीतले टेलरमास्तर आले. चेहरा पार उतरलेला. खरा एकपाठी कुणी असेल तर हा माणूस. गिऱ्हाइकाचं माप एकदाच घेणार, वही नाही की चिठ्ठी नाही, पुन्हा फीत लावणं म्हणजे स्वतःचा अपमान.

"साहेब, घात झाला! महिनाभर दुकानातून जाणारा प्रत्येक कपडा घट्ट होतोय. पोस्टमनची पॅन्ट भर रस्त्यात फाटली. वकिलांच्या कोटाचं बटण उडून साक्षीदाराच्या कपाळाला लागलं. डोक्यातली मापं पुसली गेली असतील, तर मी मशीन विकून घरी बसतो. तीस वर्षांत असं झालं नव्हतं हो!"

मला फार वाईट वाटलं. भावोजींना मात्र आनंद झाला.

दुकानात शिरल्या शिरल्या त्यांनी कापडाच्या गठ्ठ्यात नाक खुपसलं आणि तीनदा शिंकले. "कापडवाला! आकसणारं कापड गळ्यात मारतोय."

"भावोजी, कापड गिऱ्हाइकंच आणून देतात."

"मग गिऱ्हाइकंही सामील आहेत!"

दहा मिनिटांनी संशय चौकातल्या दुसऱ्या टेलरवर गेला. तो म्हणे दारावरून जाताना उलटसुलट आकडे पुटपुटतो आणि मास्तरांच्या डोक्यात कालवाकालव करतो. तो टेलर वर्षापूर्वीच दुकान बंद करून गेलाय, हे मी भावोजींना दोनदा सांगितलं होतं. म्हणे एकपाठी!

मग त्यांनी मास्तरांची परीक्षा घेतली.

"वकिलांची कंबर?"

"तीस."

"पोस्टमनची?"

"अठ्ठावीस."

मास्तर कुठेच अडखळले नाहीत. मी विचारलं, "मास्तर, पण ही मापं घेतली कधी?"

"मध्ये बोलू नकोस!" भावोजी खेकसले. "निदान झालं. स्मृतिभ्रंश! मास्तर, मशीन विका."

आकडे घडाघडा म्हणणाऱ्या माणसाला स्मृतिभ्रंश! कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. पण बिचाऱ्या मास्तरांनी खरंच मशीनवर कव्हर घातलं.

इतक्यात मास्तरांची बायको पिशवी घेऊन दारात उभी राहिली. मुलीच्या बाळंतपणाला महिनाभर गेली होती, ती आत्ता परतत होती.

"अगंबाई, भरदिवसा मशीन का झाकलं?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. बाईंनी पिशवी ठेवली, खुंटीवरचा वकिलांचा कोट काढला आणि ब्लेडनं बाजूची शिवण उसवायला घेतली.

"वकिलांची कंबर तीस होती ती त्यांच्या लग्नात. आता ते पोट बघा! गेली कित्येक वर्षं काज-बटणं करताना मीच प्रत्येक कपडा उसवून सैल करते. माणूस दारात उभा राहिला की अंदाज येतो. महिनाभर नव्हते, म्हणून ही बोंब."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? गल्लीभर मिरवत होतात, एकदा मोजलं की पाठ म्हणून. तुमचं तोंड उतरलेलं मला बघवलं नसतं."

"मला पहिल्यापासून हाच संशय होता," भावोजी म्हणाले. "लिहून घे." मी वही मिटून खिशात घातली.

मास्तरांनी मशीनवरचं कव्हर काढलं. मग हळूच म्हणाले, "आणि तुझे ब्लाउज?"

"तेही उसवते. पहिल्या बाळंतपणापासून."

"आता किती आहे माप?"

"विचारू नका," बाई म्हणाल्या. "मोजा."