हिराजीकाकांचा शाम्पू

हिराजीकाकांच्या डोक्यावर म्हणावा असा एकही केस नाही. कानांच्या वर थोडी लव आहे, ती त्यांनी राखलीय असं नाही, राहून गेलीय. आणि हा माणूस आठवड्यातून तीनदा माझ्या पार्लरच्या दारात येऊन विचारायचा, "वैशू, कोरड्या केसांचा नवीन शाम्पू आला काय गो?"

माझं पार्लर पेणला, रामवाडीत, आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर आहे. दारावर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी. काका दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि पाटीचा मान राखतात. म्हणजे पाय उंबऱ्याबाहेर ठेवतात आणि मान आत घालतात. आत एखादी बाई तोंडाला पॅक लावून डोळे मिटून पडलेली असते. अचानक पुरुषाचा आवाज ऐकून ती दचकून उठते, पॅक गळ्यावर ओघळतो, मी वैतागते. काका तिलाच धीर देतात, "घाबरू नको बाय, मी आत नाय, मी दारात हाय."

तेही धड उभे राहतील तर शपथ. बोलता बोलता जिन्यापर्यंत जायचे, परत यायचे, माझ्या स्कूटीचा आरसा सरळ करायचे, मीटरबॉक्सचं दार उघडून बंद करायचे. प्रश्न दारात विचारायचे आणि उत्तर ऐकायला जिन्याशी जायचे. त्यांच्याशी पाच मिनिटं बोललं की मला विनाकारण घाई झाल्यासारखं व्हायचं. मी मुळात शांत बाई नाही, त्यात हे.

काका नागोठण्याकडच्या एका कंपनीत सॅम्पल घ्यायचे. खांद्याला बाटल्यांची पेटी अडकवून शिफ्टभर कारखान्यात फिरायचं, या नळाचं पाणी, त्या टाकीतलं तेल, प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी लावायची आणि लॅबमध्ये पोचवायचं. तीस वर्षं हेच केलं. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण पायांना कुणी तसं पत्र दिलेलं नाही.

आता शाम्पूचं सांगते. शाम्पू हवा होता इंदूकाकीसाठी. इंदूकाकी त्यांची बायको. दिवाळीनंतर चार दिवस म्हणून मुलीकडे रोह्याला गेली, ती होळी जवळ आली तरी परतली नाही. फोन केला की म्हणायची, "इथल्या पाण्यानं केस बरे झालेत माझे. तिकडं नुसता काथ्या होतो." आमच्या बोअरचं पाणी मचूळ आहे हे खरं. खाडी फार लांब नाही. साबण घासून हात दुखतो पण फेस येत नाही, आणि बादलीला आतून पांढरा थर बसतो. काकीचं माहेरही रोह्याचं, केस कमरेखाली, तिथल्या गोड्या पाण्यावर वाढलेले. काकांनी ते कारण जसंच्या तसं घेतलं. बोअरचं पाणी बदलता येत नाही, शाम्पू बदलता येतो. बरोबर शाम्पू सापडला की बायको घरी येणार.

सोसायटीतल्या बायकांनी तोवर ठरवून टाकलं होतं की काकी आता येत नाही. मलाही आतून तसंच वाटायला लागलं होतं. केसांसाठी कुणी बाई चार महिने स्वतःचं घर सोडून राहते का? पण काकांना हे सांगायला माझी जीभ रेटायची नाही. मी आपली शाम्पूच्या बाटल्या दाखवत राहिले.

तो कार्यक्रम साधा नव्हता. पार्लरला माल देणारा माणूस पनवेलहून यायचा. तो गाडी लावायच्या आत काका त्याच्यापाशी पोचलेले असायचे. "यात सल्फेट किती?" तो म्हणायचा, काका, सल्फेट फ्री आहे, मॉइश्चरायझिंग आहे, सलूनमध्ये हाच चालतो. "सलूनला पाणी कुठलं?" त्याला काय माहीत. "मग तुला काय माहीत?" बाटलीमागचं बारीक अक्षर काका चष्मा कपाळावर चढवून वाचायचे, आणि जे नाव कळायचं नाही ते हातावर लिहून घ्यायचे. एकदा हातावर जागा संपली म्हणून त्या बिचाऱ्याच्या हातावर लिहिलं. पुढच्या खेपेला त्यानं गाडी कोपऱ्यावर लावली आणि माल माझ्याकडे दुसऱ्या कुणाबरोबर पाठवला.

मी सांगून पाहिलं. काका, शाम्पू मुळांना लावायचा, कंडिशनर फक्त टोकांना. कोरड्या केसांना रोज शाम्पू नको. धुण्याआधी खोबरेल लावू दे. आणि खरं कळेल ते काकीच्या डोक्यावरच कळेल, बाटली वाचून नाही. हे शेवटचं त्यांना एकदम पटलं. "व्हय. सॅम्पलवर केल्याशिवाय रिपोर्ट नाय," म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते एक बाटली आणि एक डबी घेऊन. बाटलीत बोअरचं पाणी, वर चिठ्ठी: 'सोसायटी बोअर, सकाळ, टाकी भरण्याआधी'. डबीत गुंतवळ. विंचरताना फणीला येतात ते केस. आमच्याकडे जुन्या बायका गुंतवळ टाकत नाहीत, पिशवीत कोंबून ठेवतात. पूर्वी दारावर बायका यायच्या, गुंतवळ घेऊन सुया-मणी द्यायच्या. त्या यायच्या थांबल्या, पण काकीची सवय गेली नव्हती. खिडकीत पिशवी तशीच होती, ती काकांना सापडली. डबी उघडून त्यांनी माझ्यापुढे धरली तेव्हा खुर्चीतली बाई अर्धे केस कापून झालेले असतानाच म्हणाली, मी उरलेले नंतर येऊन कापते.

माझ्याकडून काकांनी पाच शाम्पूंचे नमुने नेले, त्यांच्या जोडीचे कंडिशनर नेले. पुढे काय केलं ते मला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि सगळ्या सोसायटीला माझ्या आधी कळलं.

सकाळी जिन्यात गलका झाला म्हणून मी वर गेले. काकांच्या गॅलरीच्या दांडीला चिमटे लावून केसांच्या सहा बटा लटकवलेल्या होत्या. प्रत्येक बट दोऱ्यानं बांधलेली, एक लाल, एक काळा, एक पिवळा असे दोरे. प्रत्येकीला चिठ्ठी. आणि खाली कठड्यावर अर्धं कापलेलं लिंबू. समोरच्या विंगमधल्या चोगलेबाईंनी ते बघितलं होतं आणि त्या जिन्यात मटकन खाली बसल्या होत्या. "करणी हाय," त्या म्हणत होत्या. "बायको गेली ती परत यावी म्हणून करणी चाललीय. आणि दांडीचं तोंड माझ्या घराकडं हाय." सेक्रेटरी दार वाजवत होते. दोघीजणी पोरांना आत घेऊन खिडक्या लावत होत्या.

काकांनी दार उघडलं. हातात घड्याळ, खांद्यावर टॉवेल. "हळू. वाऱ्यानं चिठ्ठ्या हलतील," म्हणाले. मग सेक्रेटरींना गॅलरीत नेऊन एकेक बट दाखवायला लागले. लाल दोरा म्हणजे पहिला शाम्पू, कंडिशनर दोन मिनिटं. काळा म्हणजे दुसरा. सहावी बट नुसत्या पाण्यात धुतलेली, बाकीच्या तिच्याशी ताडून बघायला. सेक्रेटरी म्हणाले, आणि लिंबू? काका म्हणाले, "आमची आय शेवटचं पाणी लिंबाचं घ्यायची. तेही बघायला नको?"

चोगलेबाईंचं समाधान झालं नाही. त्यांनी त्या दिवशी दारावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. पण संध्याकाळी त्याच माझ्याकडे आल्या आणि हळूच विचारलं, "त्यातला चांगला कुठला निघाला गो?"

चांगला निघाला चौथा, पिवळ्या दोऱ्याचा. कंडिशनर टोकांना लावून पाच मिनिटं ठेवायचा. मी स्वतः बट बोटांमध्ये धरून पाहिली, खरंच मऊ होती. काका खूश झाले असतील असं मला वाटलं. पण ते जिन्याशी जाऊन परत आले आणि म्हणाले, "गुंतवळ संपली. घरात नवीन कुठून येणार? आता डोक्यावरच बघायला लागेल." त्या क्षणी मला त्यांची फार दया आली. घरात त्या बाईची खूण म्हणून उरलेले केससुद्धा त्यांनी तपासण्यात संपवले होते.

पार्लरच्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर रोह्याला निघाले. का निघाले विचाराल, तर त्यांना एकट्याला पाठवायला भीती वाटली म्हणून. काकी नाही म्हणाली तर हा माणूस तिथून चालत पेणला येईल, असं मनात आलं. एसटीत माझ्या मांडीवर शाम्पू-कंडिशनरची पिशवी आणि काकांच्या पायाशी पाच लिटरचा कॅन, बोअरच्या पाण्याचा. कंडक्टरनं विचारलं, "काका, रोह्याला पाणी नाय काय?" काका म्हणाले, "हाय. तिथलं चांगलं हाय, म्हणून तर नेतोय." कंडक्टर माझ्याकडे बघत राहिला. मी खिडकीबाहेर बघितलं.

मुलीचं, मनीषाचं, घर म्हणजे कल्लोळ. टीव्ही चालू, मिक्सर चालू, शेजारणी मागच्या दारानं येतायत-जातायत. या सगळ्यावर एक खणखणीत आवाज होता: "मनीषा, डाळ उतू गेली गो." तो इंदूकाकीचा आवाज आहे हे मला आधी समजलंच नाही. पेणला एका जिन्यात राहून मी तिला इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

काकांना बघून ती गप्प झाली. कॅन बघितला, पिशवी बघितली. "आता हे काय?" म्हणाली, तेही पेणच्याच हळू आवाजात. मी सगळं सांगितलं. लिंबूसुद्धा सांगितलं. ती हसली नाही, पण मागच्या पडवीत जाऊन पाटावर बसली आणि अंबाडा सोडला.

मी केस धुतले, काकांनी तांब्यानं पाणी घातलं. शाम्पूला फेस आला, बऱ्यापैकी आला. मग टोकांना कंडिशनर. पाच मिनिटं काका घड्याळ बघत होते आणि पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होते. उन्हात केस वाळले, तेव्हा काकीनं स्वतः बोटं फिरवून पाहिली.

"मऊ झालेत," ती म्हणाली. काका थांबले. "पण मी काय केसांसाठी नाय राहिले इथं."

मी उठून आत जायला लागले, तिनं हात धरून मला बसवलं. साक्षीला बसवल्यासारखं.

"यांची नाईट असली की दिवसा झोप," ती मला सांगत होती, पण बघत काकांकडे होती. "तीस वर्षं मी दिवसा कुकर नाय लावला, शिट्टी होते म्हणून. डाळ पातेल्यात शिजवली. धुणं धुताना बांगड्या काढून ठेवल्या. मनीषाला पाढे म्हणायला दुसऱ्याच्या घरी धाडली. दारात कोण बाई आली तर तोंडावर बोट ठेवून परत पाठवली. मग कोण यायचंच बंद झालं. हे रिटायर झाले, तरी माझा आवाज वर येईना. इथं आले आणि एक दिवस पोरांवर ओरडले, तर मलाच बरं वाटलं. म्हणून राहिले."

काका खांबाला टेकले. "ठाऊक हाय मला," म्हणाले.

"ठाऊक हाय? मग हे शाम्पूचं कशाला केलंत?"

"त्याचं काय करायचं ते मला कळंना. केसांचं करता येण्यासारखं होतं, म्हणून ते केलं." मग म्हणाले, "आणि इंदू, मी झोपलेला नसायचो. दिवसा मला झोप कधी लागलीच नाय. डोळे मिटून पडायचो. तू कुठं हाईस, काय करतेस, कान देऊन असायचो. उठून तुझ्याशी येऊन बोलावं वाटायचं. पण तू इतकी जपून पाय टाकायचीस, मी जागा हाय हे कळलं असतं तर तुझं सगळं फुकट गेलं असतं. म्हणून पडून राह्यलो."

मला वाटलं आता काकी रडेल. मीच रडायच्या बेतात होते.

काकी ओरडली. "तीस वर्षं मी पातेल्यात डाळ शिजवली आणि तुम्ही जागे?" आतला मिक्सर बंद झाला. मनीषा दारात आली, शेजारणी कुंपणाशी आल्या. काकीनं त्या सगळ्यांकडे एकदा बघितलं, मोकळे केस मुठीत धरून गाठ मारली आणि मला म्हणाली, "वैशू, माझी पिशवी भर गो. मला यांच्याशी लय भांडायचं हाय. पोरीच्या घरात ते मावायचं नाय."

तीनच्या एसटीत ती दोघं एका बाकावर, मी त्यांच्या मागे. भिसे खिंड यायच्या आधीच ती पहिल्या भाड्याच्या खोलीपर्यंत मागे पोचली होती. कुठल्या साली कुणाला दारातून परत पाठवलं, कुठल्या सणाला ताशा वाजला तर ताशेवाल्यांच्या पाया पडायला ती गेली होती, सगळं निघत होतं. काका तिच्याकडे तोंड करून बसले होते आणि मधून मधून "व्हय" म्हणत होते.

नागोठण्याला शिफ्ट सुटलेले कामगार चढले. बाकांवर बसल्या बसल्या त्यांनी माना टाकल्या. काकीचं चालूच होतं. शेवटी कंडक्टर मागे आला आणि म्हणाला, "मावशी, जरा हळू बोला. माणसं ड्यूटीवरून आलीयत, झोपलीयत."

काकी अर्ध्या वाक्यात थांबली. सवयीनं हात तोंडाकडे गेला.

काकांनी तो हात धरून खाली घेतला. "झोपलेली नायत ती," ते कंडक्टरला म्हणाले. "बोलू दे तिला."