आईला हाक मारायचं यंत्र

एका जंगलात, मुलांनो, झाडं पुष्कळ होती आणि समित्या त्याहून पुष्कळ. तिथे पिल्लं सारखी हरवायची. म्हणून सुगरण पक्षिणीने एक यंत्र बनवलं. पडद्यावर एकच मोठं चित्र, आईचं. हरवलेल्या पिल्लाने त्यावर पंजा ठेवायचा. कोणाचं पिल्लू ते यंत्र वासावरून ओळखे आणि त्याच्या आईकडे घंटा वाजे.

सुगरणीने ते साळिंदराच्या बुट्टूसमोर ठेवलं. बुट्टूला अजून धड बोलताही येत नव्हतं. त्याने काही न विचारता चित्रावर पंजा ठेवला. आई धावत आली. सुगरणीला इतका आनंद झाला, की तिला रडूच कोसळलं.

पण यंत्र समितीकडून पास व्हायला हवं होतं. आणि समितीचा रिवाज असा, की जो सूचना करणार नाही त्याला नाश्ता नाही.

"छान आहे," अध्यक्ष गजराज म्हणाले. "पण फारच सोपं वाटतं. सुरुवातीला माझं स्वागताचं भाषण टाका. थोडक्यात, अर्धा तास."

"मग माझा नाच," मोर म्हणाला. "मुलांना रंग आवडतात."

"आणि पासवर्ड," घुबड म्हणालं. "तो आईपाशीच राहील. सुरक्षित!"

"अहो, पण आई सापडत नाही म्हणूनच तर..." सुगरण म्हणाली.

"बाई, नियम म्हणजे नियम."

"निदान एखाद्या पिल्लाला वापरून तरी बघू द्या!"

"मी आहे ना," म्हणत गजराजांनी यंत्रापुढे बसकण मारली. "मीही काही काळ लहान होतो."

त्यांनी स्वतःचं भाषण शेवटपर्यंत ऐकलं. यंत्र पास झालं. सगळ्यांनी पोटभर नाश्ता केला.

उद्घाटनाच्या गर्दीत नेमका बुट्टू हरवला. तो यंत्राकडे धावला. आईचं चित्र कुठेच दिसेना. भाषण झालं, नाच झाला. मग पडदा म्हणाला, 'पासवर्ड माहीत नाही? कृपया आईला विचारा.'

बुट्टूने भोकाड पसरलं. "आईऽऽऽ!"

ते ऐकून आई धावत आली.

"पाहिलंत?" गजराज माइकवर म्हणाले. "यंत्रापाशी आला आणि आई भेटली!"

टाळ्या पडल्या. सुगरणीला शाल मिळाली. मान खाली घालून तिने ती बुट्टूला पांघरली. काट्यांनी शालीला भोकं पडली, पण बुट्टू शांत झाला.

तात्पर्य: मुलांसाठी काही बनवायचं असेल, तर मुलांना जवळपास फिरकू देऊ नये. ती पहिल्या फटक्यात वापरून मोकळी होतात आणि मोठ्यांच्या नाश्त्यावर गदा येते.