भिंतीवर बोट

दामूअण्णा कुणाच्याही घरी गेले की यजमानाला नमस्कार करण्याआधी भिंतीवर बोट फिरवायचे. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हाही त्यांनी तेच केलं. बोटाला डीडीटीची पांढरी पावडर लागली, तसे म्हणाले, "घर चांगलं आहे. होकार कळवून टाक." मी कळवला. अजून तक्रार नाही.

कल्याणात आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटेच राहत. हिवतापाच्या खात्यात फवारणीवर मुकादम. सणावाराला बायका शेणाने भिंती सारवायच्या आणि अण्णांची सगळी मेहनत शेणाखाली जायची. त्यामुळे कुठे ताप निघाला की त्यांचा निकाल ठरलेला, "पावडर चुकत नाही, बाई चुकते!"

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर कोलशेतला गेलेलो. तिथे मिठागरावर काम करणाऱ्या भीमाबाईच्या नातीला ताप भरला होता. "मी सारवलं नाय, दादा," म्हातारी शपथा घेत होती. अण्णांनी बोट फिरवलं. पावडर लागली, चांगली लागली. तरी चारचौघांत तिला म्हणाले, "खोटं बोलतेस!" मला भारी राग आला.

जाताना मात्र त्यांनी तिच्या भिंतीवरचे डास कंदिलाच्या काचेत धरून घेतले. खोलीवर येऊन ते डीडीटी मारलेल्या कागदावर सोडले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बरेचसे मजेत उडत होते. अण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. काच घेऊन खात्यातल्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "पावडरीतून जे वाचतात त्यांचीच पिलावळ वाढते, आणि तीही तशीच चिवट निघते. खाण तशी माती."

पुढच्या रविवारी अण्णा पुन्हा कोलशेतला. सोबत मी होतोच. गोळ्यांनी पोरीचा ताप उतरला होता. त्याच चारचौघांना बोलावून अण्णा म्हणाले, "भीमाबाई, तुझी भिंत खरी होती. खोटा मी."

"बरां झालां. आता बस, पेज घे," ती म्हणाली.

दिवेलागणीला पोर झोपली होती. अण्णा सदऱ्याची बाही वर करून तिच्या उशाशी बसले. "आमची शकू गेली तेव्हा पावडर नव्हती," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, आता आलीय, आता कुणाची पोर जायची नाही."

नऊ वर्षांच्या शेजारात शकूचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं. तेवढ्यात त्यांच्या उघड्या दंडावर डास बसला. मी हात उगारला, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे रे. पोरीला सोडून इकडे आलाय."